नथ, खंड्या आणि एकच बजेट: कॅनन आर५० आणि निकॉन झेड५० टू यांच्यातली निवड

प्रकरण असं मांडू. इंदापूर तालुक्यातलं एक घर. ताई घरूनच चांदीचे आणि मोत्यांचे दागिने विकते: नथ, बुगडी, कोल्हापुरी साज. तिला कॅटलॉगसाठी फोटो हवेत आणि आठवड्याला दोन-तीन रील. धाकट्या भावाला पक्ष्यांचा नाद. भिगवण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे थंडीत जवळपास प्रत्येक रविवार उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या होडीत जातो. दोघांनी मिळून पैसे बाजूला काढलेत. त्यात एक मिररलेस बॉडी (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), सोबत मिळणारी किट लेन्स आणि मध्यम किमतीची आणखी एक लेन्स बसते. दुसरी बॉडी बसत नाही. किमतींचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण दिवाळीच्या सवलतींत ते इतके हलतात की महिन्याभरात खोटे ठरतात.

यादीत दोन कॅमेरे उरले: कॅनन ईओएस आर५०, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला, आणि निकॉन झेड५० टू, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. अशा वेळी सगळीकडे मिळणारा सल्ला ठरलेला असतो: पक्ष्यांसाठी निकॉन, रीलसाठी कॅनन. बॉड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर सल्ला पटतोही. पण या घराच्या बाबतीत तो चुकतो, आणि का चुकतो ते पाहण्यासारखं आहे.

बॉडी म्हणून कोण सरस

निकॉन. यात घोळ घालण्यासारखं काही नाही.

झेड५० टू मध्ये एक्सपीड ७ प्रोसेसर आहे, निकॉनच्या महागड्या बॉड्यांमधला. विषय ओळखण्याच्या यादीत ‘पक्षी’ हा वेगळा पर्याय आहे. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला ११ फ्रेम मिळतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर ३० मिळतात, आणि त्यात बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचा एक सेकंदापर्यंतचा भागही साठवता येतो. खंड्या सूर मारतो तेव्हा माणसाचं बोट नेहमी उशिरा पोचतं, त्यामुळे ही सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र ती फक्त जेपेगमध्ये (आवळून लहान केलेल्या फोटो फाइलमध्ये) चालते, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असल्यामुळे वेगाने हलणारे पंख वाकडे उमटू शकतात. दोन डायल, हातात नीट बसणारी पकड, यूएचएस-टू या वेगवान जातीचं कार्ड चालणारा स्लॉट, फ्लॅश बसवायचा नेहमीचा हॉटशू, माइक आणि हेडफोन दोन्हींची भोकं. बॅटरी आणि कार्डासह वजन ५५० ग्रॅम.

आर५० चं वजन ३७५ ग्रॅम, आणि या हलकेपणाची किंमत जागोजागी मोजलेली दिसते. डायल एकच. पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिकच. वेग १२ फ्रेम, पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर १५. कार्डाचा स्लॉट यूएचएस-वन, म्हणजे यात महागडं यूएचएस-टू कार्ड घालणं हा पैशांचा नुसता अपव्यय. हेडफोनचं भोक नाही. वरचा शू नव्या ‘मल्टिफंक्शन’ पद्धतीचा आहे, त्यात जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत. त्यामुळे घरात पडलेला जुना फ्लॅश किंवा स्वस्त रेडिओ ट्रिगर थेट चालत नाही, एडी-ई१ अडॅप्टर घ्यावा लागतो. सगळ्यात मोठी अडचण बफरची, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात त्या तात्पुरत्या जागेची. साध्या रॉ (सेन्सरवरून जशीच्या तशी आलेल्या) फाइलमध्ये सलग साधारण ७ फ्रेम झाल्या की कॅमेरा अडखळतो. बारा फ्रेमच्या वेगाने हा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे.

दोन्हींच्या बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण नाही. ते लेन्समध्ये असेल तरच मिळतं. दोन्हींचा मागचा स्क्रीन बाजूला उघडून फिरतो. व्ह्यूफाइंडर दोन्हींचा २३.६ लाख बिंदूंचाच, पण निकॉनचा मोठा आणि अधिक उजळ दिसतो.

इतकं सगळं निकॉनच्या पारड्यात पडल्यावर कॅननचा विचार करायचाच कशाला? कारण या बजेटमधली तिसरी वस्तू, ती जादा लेन्स, अजून मोजलेली नाही.

खंड्या किती पिक्सेलचा

पक्ष्याच्या फोटोत शेवटी एक आकडा महत्त्वाचा ठरतो: पक्षी सेन्सरवर किती पिक्सेल व्यापतो. तो काढायला कागद-पेन्सिल पुरते. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवरची लांबी. तिला एका पिक्सेलच्या आकाराने भागायचं. आर५० चा सेन्सर २२.३ मिमी रुंद आणि त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. झेड५० टू चा २३.५ मिमी रुंद आणि ५५६८ पिक्सेल, म्हणजे ४.२२ मायक्रॉनचा.

आपला नेहमीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंमीच्या आसपास. तो २० मीटरवर तारेवर बसलाय असं धरा.

आर५० + आरएफ-एस ५५-२१० मिमी: सुमारे ७९० पिक्सेल
झेड५० टू + झेड डीएक्स ५०-२५० मिमी: सुमारे ८३० पिक्सेल
आर५० + आरएफ १००-४०० मिमी: सुमारे १५०० पिक्सेल
झेड५० टू + जुनी २००-५०० मिमी, एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या निकॉन लेन्स नव्या बॉडीवर बसवणारा): सुमारे १६६० पिक्सेल
झेड५० टू + झेड १८०-६०० मिमी: सुमारे १९९० पिक्सेल

सगळं प्रकरण पहिल्या तीन ओळींत आहे. निकॉनच्या झेड माउंटवर (बॉडीला लेन्स जोडायच्या नव्या पद्धतीवर) खिशाला परवडणारी लांब लेन्स म्हणजे ५०-२५०. लेन्स झकास आहे, ४०५ ग्रॅमची, तिच्या किमतीत तिच्यात खोट काढणं अवघड. पण तिच्यापुढची निकॉनची पक्ष्यांची पायरी थेट १८०-६००, आणि तिथे किमतीसोबत वजनही उडी मारतं: लेन्सच दोन किलोची. कॅननकडे मधली पायरी आहे. २०२१ मध्ये आलेली आरएफ १००-४०० एफ/५.६-८ आयएस यूएसएम, वजन ६३५ ग्रॅम. आर५० वर लावून सगळा संच एक किलोच्या आसपास. म्हणजे ५०-२५० लावलेल्या निकॉनपेक्षा जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम जास्त, आणि खंड्या जवळपास दुप्पट लांबीचा.

जाणकार इथे जुन्या एफ माउंटच्या २००-५०० चं नाव घेतील, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडच्या पक्षीवाल्यांत ती इतकी रुळलेली आहे की वापरलेली प्रत सहज मिळते, आणि एफटीझेड अडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस झेड५० टू वर व्यवस्थित चालतो. पण आकडा पाहा: १५०० विरुद्ध १६६०. कॅननचे पिक्सेल बारीक असल्यामुळे १०० मिमीचा फरक दहा टक्क्यांवर येतो. त्यासाठी हातात घ्यायचं ओझं जवळपास तीन किलो. २००-५०० चा खरा फायदा लांबीत नसून एफ/५.६ मध्ये आहे (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). तो पहाटे कळतो.

आणखी एक गोष्ट, जी लेन्स विकताना कुणी सांगत नाही. भाऊ फक्त रोहित पक्ष्यांसाठी भिगवणला जात असता तर या सगळ्या गणिताची गरजच नव्हती. मोठा रोहित सव्वा मीटरहून उंच. ४० मीटरवरून २५० मिमीने तो सेन्सरवर सुमारे ८ मिमी येतो, म्हणजे आडव्या फ्रेमची अर्धी उंची. थव्याच्या फोटोला हे भरपूर झालं, उलट ४०० मिमीत थवा कापलाच जाईल. चित्रबलाकांचंही तेच. अडतं ते खंड्या, शेकाट्या, नदी सुरय, धोबी अशा लहान पक्ष्यांवर. भावाची आवड नेमकी तिथे आहे.

एफ/८ ची पहाट

आरएफ १००-४०० चं दुखणं तिच्या नावातच आहे. ४०० मिमीवर उजेड आत घेणारं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर एफ/८. डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या काळात बऱ्याच बॉड्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ च्या पुढे लंगडायचा. इथे सेन्सरवरूनच फोकस होत असल्यामुळे तशी अडचण येत नाही. येते ती उजेडाची.

स्वच्छ उन्हात उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० सेकंद ठेवलं तर एफ/८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३००-४०० च्या घरात राहतो. सूर्य नुकताच वर आलेला, प्रकाश भर उन्हाच्या चार स्टॉप खाली (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा), अशा वेळी तेच शटर धरलं तर आयएसओ ५००० वर जातो. एफ/६.३ च्या लेन्सला त्याच उजेडात ३२०० पुरतात, एफ/५.६ ला २५००. या दोन्ही कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर ५००० आयएसओची फाइल चालते, पण पिसांतला बारकावा जातो, विशेषतः फोटो नंतर कापावा लागला तर.

त्यावर उपाय शटर घटवण्याचा. बसलेल्या पक्ष्याला १/१६०० ची गरज नाही. लेन्सचं स्थिरीकरण साडेपाच स्टॉपचं आहे. पक्षी शांत बसला असेल तर १/४०० ला आयएसओ १२५० वर उतरतो. होडी डोलत असेल तर १/६४० च्या खाली जाऊ नका, कारण स्थिरीकरण हाताची थरथर सावरतं, होडीचं हेलकावणं सगळं सावरत नाही. पहिला अर्धा तास बसलेल्या पक्ष्यांचा, नंतर उडत्यांचा, असा क्रम ठेवला की एफ/८ फारसा बोचत नाही. आणि दहा वाजल्यानंतर पाण्यावरून हवा थरथरायला लागते. तेव्हा ५०-६० मीटरवरचा पक्षी कुठल्याच लेन्सने तीक्ष्ण येत नाही. त्या वेळी आलेले मऊ फोटो पाहून ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ताम्हिणीतल्या किंवा कोयनेच्या दाट झाडीत मात्र एफ/८ खरोखर उपाशी ठेवतो. भावाची वारी तिकडे असती तर वापरलेल्या २००-५०० चं ओझं उचलण्याला अर्थ होता.

एका डायलचा आर५० पक्ष्यांसाठी कसा लावायचा

आर५० ची उणीव बरीचशी मांडणीने भरून निघते, कारण १००-४०० वर एक वेगळी कंट्रोल रिंग आहे. तिलाच दुसरा डायल करायचं.

मोड डायल एम (मॅन्युअल) वर. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. अ‍ॅपर्चर एफ/८ ला ठेवून विसरून जायचं, तसंही ४०० मिमीवर त्याहून उघडत नाही. मुख्य डायलवर फक्त शटर. कंट्रोल रिंगला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याचं काम) द्यायचं. म्हणजे बगळा दिसला की रिंग उणे २/३ कडे, पाणकावळा दिसला की अधिक २/३ कडे, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता. पांढऱ्या पक्ष्याची पिसं एकदा जळाली की रॉमधूनही परत येत नाहीत, म्हणून शंका असेल तेव्हा उणे.

फोकस सर्वो एएफ, म्हणजे हलत्या विषयामागे सतत जाणारा. विषय ‘प्राणी’, कॅननच्या या पर्यायात कुत्री-मांजरांसोबत पक्षी येतात. एएफ क्षेत्र आकाशाच्या पार्श्वभूमीवर पूर्ण फ्रेमचं, पण वेली किंवा बाभळीच्या काटक्यांमध्ये लहान झोन किंवा एकच बिंदू. पूर्ण फ्रेमवर ठेवलं तर कॅमेरा पुढची काटकी धरतो आणि मागचा पक्षी धूसर राहतो. विषय-ओळख पक्षी ‘दिसल्यावर’ काम करते. धूसर ठिपक्याला ती ओळखत नाही. त्यामुळे पक्षी फारच धूसर दिसत असेल तर आधी त्याच अंतरावरच्या एखाद्या खांबावर फोकस घ्या, मग पक्ष्याकडे या. तारेच्या चिन्हाच्या बटणाला फोकस सुरू करण्याचं काम देता येतं, आणि शटरच्या बटणावरून ते काढून टाकता येतं. त्याने बसलेल्या पक्ष्याची फ्रेम हलवताना फोकस पळत नाही.

शटरची पद्धत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. १५ फ्रेमचा मोह टाळा, पंख वाकतात. फाइल सी-रॉ, म्हणजे आवळलेली रॉ: आकार लहान, सलग फ्रेम साध्या रॉच्या जवळपास दुप्पट. तरी बोट दाबून धरायची सवय सोडावीच लागते. तीन-चार फ्रेमचा झटका, थांबा, पुन्हा झटका. कार्ड यूएचएस-वन पण व्ही३० दर्जाचं, लिहिण्याचा वेग पाहून घेतलेलं. पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुतेकदा वाचण्याचा असतो, फसगत तिथे होते. बॅटऱ्या दोन. व्ह्यूफाइंडर सतत चालू ठेवून होडीत काढलेली सकाळ एका बॅटरीवर निभावेलच असं नाही.

१००-४०० सोबत हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं आडोशाचं नळकांडं) येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. घ्याच. पाण्यावरची चमक आणि होडीतले शिंतोडे, दोन्हींसाठी. ना ही लेन्स पाण्यापासून बंदिस्त आहे, ना आर५०. वल्ह्याचं पाणी उडायच्या बाजूला बसू नये आणि होडीत लेन्स बदलू नये.

टेबलावरची नथ

आता ताईची बाजू. इथे तिची पहिली मागणी मॅक्रो लेन्सची, म्हणजे बारीक वस्तू जवळून टिपणाऱ्या लेन्सची असेल, आणि निकॉनकडे तसा चांगला पर्यायही आहे: २०२५ मध्ये आलेली झेड डीएक्स एमसी ३५ मिमी एफ/१.७, २२० ग्रॅम, ०.६७ पट मोठं करणारी (म्हणजे वस्तूच्या ०.६७ पट आकार सेन्सरवर उमटवणारी). कॅननची जुनी सोबतीण आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो, ०.५ पट.

पण चांदीच्या दागिन्याला आखूड मॅक्रो लेन्स जाचते. ०.६७ पट मोठं करताना लेन्सचं तोंड नथीपासून काही सेंटिमीटरवर येतं. लेन्सची सावली पडते, आणि नथीच्या प्रत्येक गोल मण्यात काळी लेन्स, कॅमेरा आणि ताईचा चेहरा दिसतो. चांदी आणि मोती हे लहान आरसेच आहेत. त्यांच्यापासून लांब राहता आलं तर निम्मं काम होतं.

इथे पक्ष्यांची लेन्स अनपेक्षितपणे टेबलावर येते. आरएफ १००-४०० ही ४०० मिमीवर ०.४१ पट मोठं करते, साधारण एक मीटर अंतरावरून. ३ सेंमीची नथ सेन्सरवर १२.३ मिमी म्हणजे ३३०० पिक्सेलची येते, आणि कॅमेरा हातभर लांब असल्यामुळे प्रतिबिंबात लहानसा ठिपकाच राहतो. लांबून काढल्याने नथीचा आकारही ताणला जात नाही. पुढचा मणी फुगलेला आणि मागचा लहान, असं आखूड लेन्सने होतं, तसं होत नाही.

कमाल मोठं करण्याचा हट्ट मात्र धरू नका. ०.४ पटीला एफ/११ वर फोकसची खोली साडेतीन मिलिमीटरच्या आसपास मिळते. नथीचा घेर टेबलावर सपाट ठेवला तरी त्याहून जाड असतो. एफ/१६ ला खोली वाढते पण चित्र मऊ व्हायला लागतं. त्यापेक्षा थोडं मागे सरका, नथ फ्रेमच्या रुंदीच्या एक तृतीयांश भरेल इतकं. तेव्हा मोठं करणं पाव पट होतं, खोली आठ मिलिमीटरपर्यंत जाते आणि नथ २००० पिक्सेलची उरते. इन्स्टाग्रामवर फोटोची पूर्ण रुंदी १०८० पिक्सेल धरली तर हे दुपटीच्या जवळ आहे, आणि विक्रीच्या बहुतेक संकेतस्थळांवर झूम करून पाहायलाही पुरतं.

मांडणी अशी. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दागिना. डाव्या-उजव्या बाजूंना ट्रेसिंग पेपरचे दोन पडदे, त्यांच्या मागे दोन एलईडी दिवे. दोन्ही एकाच जातीचे, ५०००-५६०० केल्व्हिन, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा वर. घरातली ट्यूब आणि पंख्याशेजारचा पिवळा दिवा बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. दोन रंगांचा प्रकाश मिसळला की चांदी एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी दिसते आणि ती नंतर कुठल्याच स्लायडरने एकसारखी होत नाही. समोरून थर्माकोलचा तुकडा उजेड परतवायला. मग काळ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या दागिन्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर. पांढऱ्यावर पांढरी चांदी विरून जाते. या पट्ट्यांचं प्रतिबिंब तिला कड देतं. मोत्यांना उलट हवं: एकच मोठा मऊ उजळ ठिपका. मोत्यांच्या वेळी एक दिवा बंद केला तर बरं दिसतं. खणाचं कापड खाली अंथरायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याचा लाल-जांभळा रंग चांदीत उतरतो, एवढं जाणून अंथरा.

लेन्सला ट्रायपॉड कॉलर नाही. बॉडीच्या स्क्रूवर संच बसवला की तो पुढे झुकतो, फ्रेम लावून हात काढला की चौकट खाली घसरते. लेन्सच्या पोटाखाली तांदळाची छोटी पिशवी द्या. आयएस (स्थिरीकरण) बंद. आयएसओ १००, एफ/११, शटर जे येईल ते, अगदी अर्धा सेकंदही चालेल, कारण नथ हलत नाही. दोन सेकंदांचा टायमर. पंखा मात्र बंद, नाहीतर मोत्यांचा लोंब डुलतो. व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डचा फोटो घेऊन कस्टम ठेवा. ऑटो ठेवलं तर सोन्याच्या मुलाम्याची नथ आणि चांदीची नथ यांची पार्श्वभूमी वेगवेगळ्या रंगाची येते आणि कॅटलॉगचं पान चट्ट्यापट्ट्याचं दिसतं.

या मांडणीत फ्लॅश लागत नाही, म्हणून आर५० च्या शूची अडचणही उद्भवत नाही. ताई दागिने मॉडेलला घालून फ्लॅशवर फोटो काढणार असेल तर ती उद्भवते, आणि मग एडी-ई१ चा खर्च पहिल्याच दिवशी धरायला हवा.

रीलसाठी किट लेन्स पुरते. आरएफ-एस १८-४५, स्थिरीकरणासह १३० ग्रॅम. आर५० पूर्ण रुंदीत, क्रॉप न करता ४के ३० पर्यंत चित्रित करतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, म्हणून व्हिडिओ पद्धत पाल वर, २५ फ्रेम, शटर १/५०. १/६० ठेवलं की काही दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतात. वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायची असेल तर क्लोज-अप डेमोचा वेगळा मोड आहे, त्यात फोकस चेहऱ्यावर अडकून न बसता नथीवर उडी मारतो. निकॉनमध्येही तशीच सोय आहे, शिवाय ४के ६० फ्रेम (क्रॉप करून) आणि हेडफोन. ताई कारागिरांच्या लांब मुलाखती घेत असती तर हेडफोनसाठीच निकॉनकडे वळावं लागलं असतं. माइकची वायर सैल असल्याचं घरी आल्यावर कळणं फार महागात पडतं.

निवड

आर५०, १८-४५ आणि १००-४०० ही या घराची खरेदी. बॉडी दोघांत दुय्यम, तरीही. कारण तिला जोडणारी एक लेन्स रविवारी होडीत जाते आणि सोमवारी टेबलावर बसते. झेड५० टू घेतला तर याच पैशांत ५०-२५० किंवा ३५ मॅक्रो, यांपैकी एकच येते, आणि दोघांपैकी एकाचं काम अर्धवट राहतं. दोघांच्या वेळाही एकमेकांवर येत नाहीत. पुढे-मागे दुसरी बॉडी घेतली, तर ती आरएफ माउंटचीच घ्यावी.

हा निर्णय कशाने उलटतो? घरात आधीच निकॉन एफ माउंटची ७०-३०० एएफ-पी किंवा २००-५०० पडून असेल तर झेड५० टू आणि एफटीझेड, दुसरा विचार नको. (जुन्या एएफ-डी लेन्सवर भरवसा ठेवू नका, एफटीझेडवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही.) भावाचा ओढा पक्ष्यांऐवजी कबड्डी-खोखोच्या सामन्यांकडे असेल तरी झेड५० टू: लांब बफर, मेकॅनिकल शटर, एलईडीच्या उजेडात झेड ४० मिमी एफ/२ किंवा डीएक्स २४ मिमी एफ/१.७. तिथे एफ/८ ची लेन्स शोभेलाही उपयोगी नाही. आणि झेड १८०-६०० बजेटात बसतच असेल, वजन झेपत असेल, तर पक्ष्यांसाठी तो संच आर५० ला सहज मागे टाकतो.

दुकानात

स्वतःचं कार्ड न्या. १००-४०० लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवर ४०० मिमी, एफ/८, १/५०० ला पाच फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस आधी जवळ नेऊन पुन्हा घ्या. पाचही सारखे तीक्ष्ण आले पाहिजेत. एखादाच मऊ असेल तर हात हलला असेल, तीन मऊ असतील तर दुसरी प्रत मागा. पाटीची डावी आणि उजवी कड मोठी करून पाहा. एकच बाजू सतत धूसर असेल तर लेन्समधला एखादा घटक तिरका बसलेला असतो. मग एक मीटरवर एखादं नाणं ठेवून फोकस धरतो का ते पाहा. लेन्स वापरलेली घेत असाल तर मोबाइलचा दिवा मागच्या काचेतून आत टाकून पुढून बघा: धुळीचे दोन-चार कण असले तरी हरकत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि ती कितीही स्वस्त मिळाली तरी महागच. बिलावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे अनुक्रमांक वेगवेगळे लिहून घ्या, वॉरंटी त्यांवरच चालते.